मास्तरांनी वाचून दाखवलेले पत्र

ताज्या कापलेल्या सागाला कातड्यासारखा उग्र, तेलकट वास येतो. आलापल्लीहून बल्लारशाला लाकूड नेणाऱ्या लॉरीत मला ड्रायव्हरशेजारी बसवले तेव्हा तो वास माझ्या परकरात, केसांत, पत्र्याच्या पेटीतही शिरला होता. मी तेरा वर्षांची होते. नागपूरला सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये शिकायला निघाले होते.

"काऊन बाई, पोरीले मेम बनवून राह्यली काय?" ड्रायव्हर हसला.

"बनली त बनली. तुही लॉरी त नाई ना मागत?" आई म्हणाली. मग खिडकीशी येऊन, त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने कुजबुजली, "बाप्तिस्मा झाला का, सिस्टर विचारतीन. झाला म्हनजो. पन त्या दिवशी मास्तर पिऊन होता, अन् मी बेसुद. पानी टाकलं का नाई, देवाले मालूम. कोनाले सांगू नको. त्याले काढलं त आपल्याले माती कोन देइन?"

तेरा वर्षे एकटीने वाहिलेले ओझे तिने माझ्या मांडीवर ठेवले, आणि लॉरी सुटली.

जे मागे राहिले त्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्या मुलांसाठी लिहिते. अहेरीच्या रानात आमची कॅथलिकांची सात घरे. फादर वर्षातून दोनदा, बैलगाडीने येत. एरवी सगळे मास्तरांवर. शाळा त्यांची, रविवारची प्रार्थना त्यांची, मरणाऱ्याच्या उशाशी बसणे त्यांचे. सातव्या महिन्यात जन्मलेल्या, जगेलसे न वाटणाऱ्या माझ्यासारखीला घाईने बाप्तिस्मा देणेही त्यांचेच. आणि मोहाची दारूही त्यांचीच.

नागपुरात भिंती उंच होत्या, मेणबत्त्या सरळ जळत, मिस्साच्या उपासनेतली लॅटिन गाणी छतापर्यंत जाऊन परत येत. "तुमच्या जंगलात मिस्साला अस्वले येतात का ग?" रेल्वेवाल्यांच्या मुली विचारत. "येतात. आणि तुमच्यासारखी पेंगत नाहीत," मी म्हणे. दिवसा जीभ चाले. पण मिस्साला तीच जीभ पवित्र भाकरीसाठी बाहेर काढताना थरथरे. बाप्तिस्माच नसेल तर मी इथे कोण? प्रत्येक घास चोरीचा. सांगावे, तर मास्तर जातील आणि सात घरे पोरकी होतील. न सांगावे, तर मेल्यावर मी जाईन, कुठे ते विचारायचे धैर्य नव्हते. 

शेवटी पापनिवेदनाच्या जाळीपलीकडच्या फादरांना मी सांगितले.  ते म्हणाले, "बाप्तिस्मा देणारा प्रभू. मास्तर फक्त लोटा धरणारा. हात कसा होता ते विचारू नकोस. पाणी होते का, बाप्तिस्म्याचे शब्द होते का, एवढेच आईला विचारून घे."

मी विचारले. पत्र टपालपेटीत पडल्याच्या आवाजाबरोबर माझ्या लक्षात आले की मी काय करून बसले. आईला अक्षर येत नव्हते. गावात आलेले पत्र मास्तरच वाचत, तेही चिंचेखाली, सातही घरांसमोर. पत्र कुणा एकाचे नसायचेच आमच्याकडे.

तीन आठवड्यांनी मास्तरांच्या रेखीव अक्षरात उत्तर आले.

"तुझे पत्र आईस वाचून दाखवले. एकही ओळ गाळली नाही. त्या दिवशी मी प्यालेलो होतो. शब्द म्हटल्याचे मला आठवते, परंतु माझ्या आठवणीवर विसंबू नये, म्हणून सुईणबाईस विचारून आलो. ती आपल्या धर्माची नाही, तिला खोटे बोलण्याचे कारण नाही. ती म्हणते, लेकरू निपचित होते, कळशीचे पाणी डोक्यावर पडले तेव्हाच पहिल्यांदा रडले. हे पत्र फादरांस दाखव. मला काढणे असल्यास काढावे, मात्र पावसाळ्याआधी दुसरे कोणी धाडावे. इकडे ताप आहे."

फादरांनी पत्र दोनदा वाचले, घडी करून मला परत दिले. "झालेला आहे," म्हणाले. मास्तरांच्या जागी दुसरे कोणी धाडले गेले नाही.

माझी एक भीती गेली, दुसरी, मास्तरांना तोंड दाखवायची, उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याबरोबर घरी आली. मास्तरांनी दारू सोडली नव्हती, पुढेही सोडली नाही. त्या उन्हाळ्यात तापाने गेलेल्या दोघांना त्यांनीच माती दिली होती. आज इतक्या शहरांतून राहून, घर म्हटले की मला आमची झोपडी आठवत नाही. आठवते ते शेणाने सारवलेले प्रार्थनेचे ओसरीवजा घर आणि त्याच्या उंबऱ्यावर अडलेले माझे पाऊल.

आत जपमाळ चालू होती. मला पाहताच मास्तरांचा आवाज थांबला. सगळी डोकी वळली. मला माघारी पळावेसे वाटले. मास्तर आपल्याखालची चटई ओढू लागले. अर्धी माझ्याकडे सरकवली, स्वतः अर्धे जमिनीवर आले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"बस."