कापशीच्या कानांवरची हळद

त्या बाईंचं नाव नसीमआपा. राहणार खुलताबाद. देवापुढे हात जोडले की खंडोबाच्या पाठोपाठ त्यांचंच नाव तोंडात येतं, म्हणून आधी त्यांचं सांगितलं. आता काय घडलं ते सांगते.

मी चौथीत शाळा सुटलेली बाई. छत्रपती संभाजीनगर सोडून कधी लांब गेले नव्हते. मालक वारल्यावर कॅनडातल्या मुलानं कायमचं बोलावून घेतलं. कापशी ही आमची पांढरी कुत्री; पिल्लू असताना मालकांनी शर्टात घालून आणलेली. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तिला शेजारी ठेव." मी म्हटलं, "ती येत नसंल तर मी बी येत नाय. तुझा बर्फ तूच खा." शेवटी त्यानंच तिची लस, कागद, पिंजरा असं सगळं जमवलं. मुंबईत विमानाआधी सरकारी डॉक्टरांनी तिला तपासून सही करायची, तेवढं राहिलं होतं.

निघण्याआधी मी तिला शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबाला घेऊन गेले. कुत्रं हे खंडोबाचं लाडकं जनावर. भंडारा लावल्याशिवाय तिला साता समुद्रापार कसं न्यायचं? कपाळ, कान, मान, सगळीकडे हळद चोळली. मनात भीती फार होती, म्हणून मूठही मोठी भरली गेली.

मुंबईत डॉक्टरांनी तिचा कान उलटून पाहिला. "हा रंग कसला?" मी म्हटलं, "देवाची हळद हाय, साहेब." ते शांतपणे म्हणाले, "मग धुऊन आणा. कातडी दिसल्याशिवाय सही करता येणार नाही." त्यांचं बरोबरच होतं. मी नळावर नेऊन साबणानं घासलं. सारा जन्म हळदीत गेला, पण त्या घाबरगुंडीत डोकं चाललं नाही. घासावं तसे कान लालभडक होत गेले. डॉक्टरांना वाटलं, अंगावर काही उठलंय. म्हणाले, "आज नाही सोडता येणार हिला." विमान त्याच रात्रीचं. मुंबईत तिला सांभाळणारं कुणी नाही, आणि तिला टाकून जायला माझा पाय उचलेना. मला देवाचा एवढा राग कधी आला नव्हता. तुझ्याच भंडाऱ्यानं माझं लेकरू अडवावं? मग रागही गळून गेला. पिंजऱ्याला टेकून एवढंच म्हटलं, "मल्हारी, आता तूच बघ. माझ्याच्यानं नाही होत."

"काय गं माय, हळदीला साबण लावला? कालची नवरी हायेस का तू?"

पाहते तर मांडीवर मांजरीची टोपली घेतलेल्या एक बाई. बोलण्यातला आमच्याकडचा सूर ऐकून मला रडूच फुटलं. मी गाव सांगितलं. "आन् मी खुलताबादची. नसीम. लेकीच्या बाळंतपणाला मस्कतला चालले, या महाराणीला घेऊन. रडू नको. धर हिला, नखं मारती लई."

तेवढ्यात त्यांचा पुकारा झाला, तर त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "साहब, पहले इसकी देखो. मेरी बिल्ली तो सुबह से रूठके बैठी है, और थोडा रूठेगी." डब्यातली लिंबाची फोड काढून त्यांनी कापशीच्या कानावर हलकेच फिरवली. साबणानं लाल झालेली हळद डॉक्टरांच्या देखत पुन्हा पिवळी झाली. डॉक्टर हसायलाच लागले, "माझ्या लग्नातल्या बनियनची हीच गत झाली होती!" मग आपांनी पर्समधलं खोबरेल काढलं आणि स्वतःच्या ओढणीच्या पदरानं, लेकराचे कान पुसावेत तसे, दोन्ही कान पुसले. खालची गुलाबी, नितळ कातडी दिसली. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सही केली.

याला चमत्कार म्हणावं का, मला कळत नाही. तेवढी मी शिकलेली नाही. मी एकटीच घासत होते तोवर बिघडतच गेलं. थकून हात सोडले, तेव्हा दुसरा हात पुढे आला, एवढंच मला ठाऊक. आता काळजी वाटली की मी हातातलं काम सोडून मल्हारीला हाक मारते. मुलगा कामावर गेला की इथं बोलायला कुणी नाही, बाहेर बर्फ पडतो, पण कापशी पायाशी निजलेली असते.

आपांचा नंबर मागितला तर म्हणाल्या, "नंबर कशाला? खुलताबादला ये, कुणीबी घर दाखवंल." गावी जाईन तेव्हा देवाची तळी भरून तशीच त्यांच्या दारात उभी राहीन. त्या दिवशी आपांना चुलीकडे फिरकू द्यायची नाही. त्यांना पाटावर बसवून मी रांधीन, मीच वाढीन.