पालथं घमेलं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी खालापुरात घरच्या टाकीतलं पाणी मोजत होतो. होळी नुकतीच झाली होती. "मामा, आई उठत नाय…" एवढंच भाचा म्हणाला.

भिसेगावला तिच्या घरामागे वाळूचा वाफा आहे. काही वर्षांपूर्वी कशेळ्याकडे प्लॉट पाडताना जेसीबीने लोटलेल्या ढिगाऱ्यात तिला कंदीलपुष्पाचा वेल दिसला. हे फूल आता डोंगरातही क्वचितच सापडतं. तिने त्याचा कंद पदरात बांधून आणला. भाताच्या चिकट मातीत तो कुजला असता, म्हणून तीन घमेली वाळूला एक घमेलं माती घेऊन तिने वाफा केला. श्रावणात फुलं आली, अगदी छोट्या कंदिलासारखी. दिवाळीनंतर वेल वाळून नाहीसा झाला. मी पाणी घालायला निघालो, तर ओरडली, "मेलं नाय रं, निजलंय! निजलेल्याला कुणी पानी पाजतं का?"

"आहे कशावरून? दिसत तर काहीच नाही."

"तू तरी खालापुरातनं कुटं दिसतोस आमाला? असतोस ना!"

कुणी खरकटं पाणी ओतू नये म्हणून ती त्यावर घमेलं पालथं घालायची. उचलायचं ते मृग लागल्यावरच.

स्मशानातून परतल्यावर पाय धुऊन घरात शिरायचं, म्हणून मागच्या दारी पिंप भरून ठेवलं होतं. वाळूत पाणी चटकन मुरतं, चिखल होत नाही, म्हणून सगळे त्या वाफ्यावरच पाय धूत होते. घमेलं कुणीतरी बाजूला सारलेलं. माझी पाळी आली, तळव्याला वाळू लागली, तेव्हा मला कळलं.

पाणी खाली निघून गेलं असेल तर कंद वाचला. पण वाळू किती खोल आहे ते फक्त ताईला ठाऊक होतं. उकरावं तर कोंब मोडेल. ताई गेली हे मला समजतं. पण कंदाचा विचार करता करता मी मध्येच तिच्याबद्दलच 'असेल की नसेल' असं म्हणू लागतो… हे काय होतंय, कळत नाही.

काल घमेलं पुन्हा पालथं घातलं. ओल आत कोंडेल असं वाटून उचललं. मग कुणी पाणी ओतेल म्हणून परत घातलं, आणि एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवला. भाचा वाकून फटीतून पाहत होता.

"हाय का, मामा?"

"निजू दे," मी म्हणालो.