रेणुकाने बस थांबवली

"गायकवाड सर, तुमच्या हेडबाईनं बस अडवलीय. गाडी काढा, लवकर!"

दारात आमचे मुख्याध्यापक इनामदार सर उभे होते. मी स्टाफरूममध्ये चहा पीत बसलो होतो. त्या दिवशी शाळेत कुठल्याच शिक्षकाला काम नव्हतं. शिक्षक दिन होता, आणि आमच्याकडे त्या दिवशी स्वयंशासन असतं. म्हणजे मुलंच शाळा चालवतात. कुणी गणिताचा सर होतो, कुणी शिपाई होऊन घंटा देतो. दहावीची एक मुलगी आईचं लुगडं नेसून मुख्याध्यापिका होते. संध्याकाळी भाषणं होतात, सगळे टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा पुन्हा आमच्या हातात येते.

त्या वर्षी या कार्यक्रमाचा इन्चार्ज मी होतो. देवणी तालुक्यातली ही शाळा. मी मूळचा बिलोलीकडचा. घरातला पहिला पदवीधर. शाळेनं मला माणूस केलं, म्हणून शाळेतलं नाटक मला आवडत नाही. मी मुलांना सांगितलं, "या वेळी सोंग नको. ज्यानं जे पद घेतलंय त्यानं शाळेची एक खरी अडचण निवडायची आणि दिवसभरात सोडवायची. खुर्ची घेतली की जबाबदारीही घ्यायची."

बहुतेकांनी सोपी कामं घेतली. नळाची गळती, सायकलींच्या रांगा. मुख्याध्यापिका झालेल्या रेणुका बिरादारनं बस घेतली.

ही अडचण शाळेत सगळ्यांना माहीत होती. रेणुकाच्या गावच्या आठ-दहा मुली बसनं ये-जा करायच्या. मुलींना पास मोफत असतो. संध्याकाळची बस भरलेली असली की शाळेजवळच्या फाट्यावर थांबायची नाही. मग काळ्यापिवळ्या जीपची वाट बघायची. ती भरेपर्यंत अंधार पडायचा. त्यापायी दोन मुलींच्या घरच्यांनी शाळा बंद केली होती.

"अर्ज लिही," मी म्हणालो. "मी डेपोत पोचवतो."

"सर, तुम्ही दोनदा अर्ज दिलाव. थांबली का बस?" रेणुका म्हणाली. "आमचे बाबा बी म्हणायलेत, दिवाळीपतोर बघू, न्हाईतर घरी बस. मी आज मुख्याध्यापिका हाय का न्हाई?"

"आहेस."

"मग झालं तर."

मला वाटलं, ती डेपोत फोन करेल.

इनामदार सरांना मागे बसवून मी फाट्यावर पोचलो. बस रस्त्याच्या मधोमध उभी. समोर आईच्या हिरव्या लुगड्यातली रेणुका, एक हात वर केलेला. मागे बाकीच्या मुली दप्तरं घेऊन.

"ए पोरी, मरायचंय का?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता.

"आधी ह्यांना चढवा. मग बोला."

"तू कोण गं सांगणारी?"

"मुख्याध्यापिका."

अख्खी बस हसली. कंडक्टर खाली उतरला. "अहो मॅडम, पासवाल्यांसाठी थांबत बसलो तर उदगीरला उद्या पोचू."

"पास फुकट हाय, आम्ही फुकट न्हाईत," रेणुका म्हणाली.

खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "अरे घे की मुडद्या! पोरी हायत्या, हत्ती न्हाईत. सरका रे, जागा करा!"

इनामदार सरांनी डेपोच्या साहेबांना फोन लावला. सरांची जबान गोड. "साहेब, पोरींचा मामला आहे. उद्यापासून इथं थांबा द्या. नाहीतर उद्या रस्त्यात मी उभा राहीन, आणि मी असा जाडजूड माणूस. बाजूनं गाडी निघणार नाही." पलीकडचे साहेबही हसले असावेत. उद्यापासून बस थांबेल, असं त्यांनी कबूल केलं.

मुली चढायला लागल्या. तेवढ्यात इनामदार सर म्हणाले, "ओ गायकवाड, फोटो घेतला का?"

ज्यांचा शाळेशी संबंध नाही त्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडे फोटोशिवाय कार्यक्रम झाला असं कुणी मानत नाही. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. सगळे फोटो ग्रुपवर जातात. मी रेणुकाला पुन्हा बससमोर उभं केलं. हात वर करायला लावला. बाकीच्या मुली आणि सर मध्ये येत होते, त्यांना बाजूला सरकवलं. फोटो फार छान आला.

रात्रीपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवरून गावागावांत गेला. 'देवणीची वाघीण' असं कुणीतरी त्यावर लिहिलं. मला अभिमान वाटला. माझ्या स्टेटसलाही मी तोच ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस थांबली. तिसऱ्या दिवशीही थांबली. रेणुका मात्र शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो.

तिचे वडील अंगणात कडब्याच्या पेंढ्या रचत होते. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं. आवाज चढवला नाही.

"सर, तुम्ही वाईट शिकवलं असं मी म्हणत न्हाई," ते म्हणाले. "पण त्या फोटोखाली पोरं काय काय लिव्हायलीत, वाचलाव का? पारावर बसलो की लोकं इचारायलेत, आता वाघीण कुणाची गाडी अडवणार? तिच्या चुलत्याला सोयऱ्यांचा फोन आला. आम्हाला गावात ऱ्हायचंय सर."

"बिरादार, तिला मीच सांगितलं होतं. जबाबदारी माझी आहे."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, फोटो उघडला आणि माझ्यासमोर धरला.

"ह्यात तुम्ही कुठं हाव सर? ह्यात तर ती एकलीच हाय."

 

रेणुका आतून चहा घेऊन आली. कप देताना हळूच विचारलं, "सर, बस थांबायली का?"

"थांबते."

"समद्या पोरी येतेत?"

"येतात."

तिनं मान हलवली आणि आत गेली.

इनामदार सर दोनदा जाऊन आले. मी किती वेळा गेलो ते मोजलं नाही. ग्रुपवरचा फोटो आम्ही काढून टाकला, पण तोवर तो आमचा राहिला नव्हता. शेवटी घरच्यांनी तिला निलंग्याकडे मामाच्या गावी पाठवलं. तिचा दाखला मीच तयार केला. दहावी ती तिथून पास झाली, एवढं कळलं. तिला नर्सिंगला जायचं होतं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

त्या बसनं येणाऱ्या बाकीच्या मुलींपैकी एकीचीही शाळा सुटली नाही. घरी बसवलेल्या दोघींपैकी एक परत आली. अधिकारी शाळा बघायला आले की इनामदार सर हे आवर्जून सांगतात. खरंही आहे. मी तेव्हा खाली बघतो.

पुढच्या शिक्षक दिनाला मी वर्गात विचारलं, मुख्याध्यापिका कोण होणार? कुणाचाच हात वर आला नाही. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, मला शिपाई करा. घंटा देते."

मी बारावी झालो तेव्हा आमचे एक सर नांदेडच्या कॉलेजात माझं नाव घालण्याआधी आमच्या घरी आले होते. वडिलांसमोर घोंगडीवर बसून म्हणाले होते, "ह्याचं काही चुकलं तर मला बोला." मला पुढे ढकलणारे सर मी जन्मभर आठवले. त्यांनी आधी घरी येऊन शब्द दिला होता, हे कधी नीट आठवलं नाही.

मुलांना जबाबदारी घ्या म्हणायला काही लागत नाही. मुलं घेतात. आम्ही समजतो त्यापेक्षा लवकर घेतात. आता वर्गात कुणी काही करायला उठलं, की मी त्याला थांबायला सांगतो. आधी त्याच्या घरी जातो आणि बापाला सांगतो, हे काम माझं आहे, मूल मदत करतंय. त्यात दोन दिवस जातात. जाऊ देतो.