पुलाअलीकडचं शेत

दिवेलागणीला तुळशीपुढे पणती ठेवली की आमच्या शेजारची विमलाकाकी पदराला हात पुसायची आणि मोबाइल घेऊन कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, जांभ्याच्या गडग्यावर, जाऊन बसायची. घरात रेंज नसे, गडग्यावर असे. तिथून ती रोज एका बेटावर जायची.

बेट मोबाइलवरच्या खेळातलं होतं. तिचा मुलगा समर्थ मुंबईत औषधांच्या गोदामात कामाला. गणपतीला आला तेव्हा त्याने तो खेळ आईच्या फोनवर घालून दिला. एरवी फोनवर दोघांचं बोलणं फार चालत नसे. तब्येत, पाऊस, गुरं, आणि "ठेव आता फोन". बेटावर मात्र दोघांची शेतं लागून होती. कानात वायर घालून, वाफे ओढता ओढता, मायलेक तासभर बोलायची.

खेळ देखणा होता. सर येऊन गेली की पानांवरून थेंब ओघळत, नांगरामागून बगळे चालत. काकी लांज्याच्या काजू कारखान्यात दिवसभर गर सोलून यायची, तरी इथे हौसेने रोपं लावायची. "हितं कंबर दुखत नाय," म्हणायची.

बेटाच्या टोकाला एक पूल होता आणि पुलावर गदा घेतलेला पहारेकरी. त्याला हरवलं की पलीकडची मोठी जमीन आणि समुद्र. एका रविवारी समर्थ पलीकडे गेला. एकदा पूल ओलांडला की मागे यायची सोय खेळात नव्हती.

"ये गो लवकर," तो म्हणाला. "होडी बांधतोय."

काकीने आपल्या बेटावरचा एक नारळ नेऊन पहारेकऱ्यापुढे ठेवला. पेरणीआधी ती गावच्या वेशीवरच्या राखणदार देवाला ठेवते, तसा. गाऱ्हाणंही घातलं, "बा राखणदारा, पोराकडे जातंय, वाट दे." पहारेकऱ्याने तिला एका फटक्यात पाण्यात टाकलं.

फोनवर समर्थचं हसणं थांबेना. "आई, तो राखणदार नाय! मार त्याला."

"मेल्या, वेशीवरनंच येतोस-जातोस ना तू? जरा तोंड सांभाळ."

पण पोराकडे जायचं होतं. म्हणून तिने मारलं, दर वेळी आधी माफी मागून. बटण दाबलं की हातातली काठी उशिरा उठायची, तोवर गदा येऊन गेलेली असायची. बाजूला सरकायचं बटण कधी लागायचं, कधी नाही. लढाई ऐन रंगात आली की चित्रच गरकन फिरायचं आणि पहारेकरी तिच्या पाठीशी उभा. हरलं की थेट बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पुन्हा तीच चाल, पहारेकऱ्याचं तेच लांबलचक भाषण. ज्यांनी पाऊस आणि बगळे इतक्या निगुतीने केले, त्यांनी मारामारी मात्र कशीबशी उरकली होती.

काकीला वाटलं, दोष आपल्या बोटांचा. काजूच्या तेलाने तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. रेशनच्या मशीनवरही तिचा ठसा उठत नसे. "यंत्रं माझा अंगठा घेत नायत," ती मला म्हणाली, आणि बोटं पदरात गुंडाळली.

समर्थ म्हणाला, "तुझ्या नावावर मी लढतो."

"मग पलीकडे तूच गेल्यासारखा. मी कुठं?"

हळूहळू तिने गडग्यावर बसणं सोडलं. फोन पुन्हा आखूड झाले. तब्येत, पाऊस, गुरं, ठेव.

दिवाळीत समर्थ घरी आला. मी फराळाचं ताट द्यायला गेले तेव्हा तो घरापुढच्या खळ्यात बसून आईच्या फोनवर लढत होता आणि काकी त्याच्या खांद्यावरून बघत होती. तो पाण्यात पडला. परत पडला. मग आणखी दोनदा.

"तुझी बोटं तर धड आहेत रे," काकी म्हणाली.

"बोटांचं काय नाय गो. लढाईच भिकार केलीय. माझ्या वेळी तो पहारेकरी कठड्यात अडकला, म्हणून मी सुटलो."

काकी हसली. मग तिचा आवाज चढला. "आणि हे आता सांगतोस? महिनाभर मी माझ्या हातांना शिव्या घातल्या त्या?"

समर्थने फोन खाली ठेवला.

मुंबईला पोचल्यावर दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "आई, खेळ उघड." मी तिथेच होते. बेटावर तिच्या शेजारच्या ओसाड शेतात एक माणूस उभा होता, अनवाणी, हातात नुसती कुदळ. समर्थने आपला सगळा खेळ पुसून पहिल्यापासून सुरू केला होता.

"आणि होडी?"

"गेली."

"अरे, एवढी बांधलेली!"

"तिकडे पुढं नुसती मारामारीच आहे गो. मला कंटाळा आला."

पडद्यावरचा माणूस बांधालगत खणायला लागला.

"तिथं नको खणूस, पाणी तुंबतं," ती म्हणाली. "जरा वर ये."