बोंबील आणि दहा नंबरचा नट

नातीने परवा तिच्या गाडीत पडलेला स्क्रू लोहचुंबकाच्या काठीने एका झटक्यात वर काढला आणि मला विचारलं, "आजी, तुझ्या वेळी काय वापरायचे?"

मी म्हटलं, "बोंबील."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी थापा मारते.

तेव्हा आमच्याकडे जुनी पिकअप होती. सातपाटीहून मासळी भरायची, सासूबाईंना शेजारी बसवायचं आणि बोईसरच्या बाजारात जायचं. गाडी मी चालवायचे. मिस्त्रीला दोनदा बॉनेटखाली वाकलेला पाहिलं होतं, त्यामुळे मी स्वतःला अर्धी मिस्त्रीच समजायचे. कोण ती शहाणी! आज भेटली तर कान पिळीन.

बेटेगावच्या अलीकडे गाडी बंद पडली. बॅटरीची तार ढिली झाली होती. मी दहा नंबरचा पाना लावला, नट फिरवला, तो बोटांतून सुटला. टण. टण. मग काहीच नाही. रस्त्यावर पडल्याचा आवाजच आला नाही, म्हणजे गाडीच्या पोटातच कुठेतरी अडकला होता.

बॉनेट टेकवायची दांडी मी आधीच कुठेतरी हरवली होती. म्हणून उजव्या हाताने बॉनेट वर धरलं आणि डावा हात बॅटरीमागच्या फटीत कोपरापर्यंत घातला.

आणि इथेच माझी अक्कल बघा. आमच्या घरात लग्नातच उजव्या हाताच्या बांगड्या समुद्राला द्यायच्या, नवरा सुखरूप परत येऊ दे म्हणून. तो हात जन्मभर मोकळा. डाव्यात हिरवा चुडा, त्याच्या नावाचा. फटीत जाण्यासारखा एकच हात होता माझ्याकडे, आणि तो मी बॉनेटला लावून बसले होते.

हात आत गेला, बाहेर येईना. बांगड्या लोखंडाच्या कडेला अडकल्या. ओढलं की काच करकरायची. नवरा खोल समुद्रात होता. तो पाण्यावर असताना चुडा वाढवायचा, म्हणजे फोडायचा, हे आमच्यात तोंडानेसुद्धा कुणी बोलत नाही. बॉनेट सोडावं तर डोक्यात येईल, हात ओढावा तर चुडा जाईल. पत्रा तापलेला. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात नव्हता.

कारखान्यात निघालेला एक कामगार सायकलवरून उतरला. "भाभी, चूड़ी तोड़ दो ना! दो मिनट का काम है।" आणि त्याने खरंच दगड उचलला.

"ए! दगड टाक!" सासूबाई गाडीतून अशा उतरल्या की तो बिचारा सायकलवरही न चढता, ती ढकलतच पुढे गेला. मग माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "आगो, समुद्राला दिलेला हात बॉनेटला लावलास, आन् नवऱ्याचा हात इंजिनात घातलास?"

"आई, आता बोलू नका. काढा मला."

"वडू नको. मूठ सैल सोड."

त्या बॉनेटखाली शिरल्या आणि ते डोक्यावर घेतलं. चुंबळसुद्धा नाही. "पाटीपरीस हलका हाय," म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात मोकळे. मला उजव्या हाताने मागच्या पाटीतून ताजे बोंबील आणायला सांगणार होत्या, पण मी तर खुंट्याला बांधलेली. शेवटी बॉनेट पुन्हा माझ्याकडे आलं, त्या गेल्या, ओंजळभर बोंबील घेऊन परतल्या आणि पुन्हा डोकं लावलं. मग माझ्या मनगटावर, बांगड्यांखाली, फटीत हात जाईल तिथवर ते चोळत राहिल्या. बुळबुळीत, थंडगार. एकेक बांगडी कडेवरून सरकायला लागली. शेवटची कुरकुरली, थांबली आणि सटकली.

चुडा अख्खा. सासूबाईंनी एकेक बांगडी पदराने पुसून पाहिली आणि मगच मला शिव्या दिल्या. नट काही मिळाला नाही. तार जाळ्याच्या दोरीने करकचून बांधली आणि बाजार गाठला.

नवरा किनाऱ्याला लागला त्या दिवशी मी गाडी घेऊन बंदरावर गेले. डावा हात त्याच्यासमोर धरला. "बघा."

"काय बघू? बांगड्याच हायेत की."

"तेच बघा."

त्याला काही उमजलं नाही. गाडीत बसला आणि नाकपुड्या फुगवून हुंगायला लागला. चोळता चोळता एक बोंबील नटाच्या मागोमाग आत पडला होता, आणि इंजिन तापलं की तो दरवळायचा.

"ह्या गाडीत बोंबील कोण भाजतंय?"

"तुमच्यासाठीच ठेवलाय," मी म्हटलं.