बूढापारा स्पेशल आणि नंदूभाऊंची झंडी

आम्ही तिघं स्पोर्ट्स कार बनवायला लागलो, तेव्हा वाटलं होतं शेडमध्ये भंगार साचेल. भंगार केव्हाच संपलं, किस्से मात्र अजून साचताहेत! आज आमची 'बूढापारा स्पेशल' रस्त्यावर निघाली की लोक स्कूटर थांबवून सेल्फी काढतात. तिचं बालपण आम्हालाच ठाऊक.

तिघं म्हणजे बूढापारा या एकाच मोहल्ल्यातले शेजारी. मी सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमधला वेल्डर. नंदूभाऊ मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. आणि त्यांची इंजिनिअर मुलगी मेघा. डिझाइन तिचं, स्टिअरिंगही तिच्याच हातात.

आमची शेड बीरगावात, एका सेठजींच्या मालकीची. त्यांना तिथं गोदाम करायचं होतं, आणि आम्हाला गाडी बनवून कार रेसमध्ये उतरायचं होतं. म्हणाले, "रेस में पहले तीन में आओ, तो शेड तुम्हारा. नहीं तो खाली करो!"

* * *

पहिली चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मी प्लांटच्या सवयीनं केली. जाड पट्टी, तिच्यावर आणखी जाड पट्टी. मेघानं गियर टाकला. इंजिन गुरगुरलं आणि गप्प झालं. गाडी जागची हलेना!

मेघा उतरली. "काका, स्पोर्ट्स कार करून राहिलो का मालगाडीचा डबा?"

नंदूभाऊ मात्र खूश. "मजबूत तं आहे ना वं!"

* * *

दुसरी गाडी हलकी झाली, पण फारच बुटकी. पहिल्यांदा बसायचा मान मेघाच्या आईचा, शोभावहिनींचा. बसल्या झोकात. उठता येईना! आम्ही दोन्ही हात धरून ओढलं, तरी नाही.

"राहू द्या जी," त्या म्हणाल्या. "चहा इथंच आणा. अन् पोहेबी!"

त्यांचे पोहे खाऊन होईपर्यंत मेघानं टेप लावून सगळी मापं घेतली. आजची सीट शोभावहिनींच्या सोयीची आहे, अन् म्हणूनच सगळ्यांना आवडते.

* * *

नंदूभाऊंचा मालगाडीपासूनचा एक कायदा होता. ते गाडीभोवती फिरून सगळं तपासणार, मग मागं उभं राहून हिरवी झंडी दाखवणार. त्याशिवाय गाडी हलवायची नाही. मेघाची शाळेची सायकलसुद्धा झंडी पाहूनच निघायची!

एकदा सेठजी स्वतः स्टिअरिंगवर बसले. बॉनेट नीट लागलं नव्हतं, म्हणून झंडी नाही. सेठजींनी हॉर्नवर हॉर्न वाजवले. "अरे, मालिक कौन है?"

"शेडचे तुम्ही," नंदूभाऊ म्हणाले. "गाडी झंडी पाहून जाते जी!"

सेठजी उतरले.

* * *

आणि मग ती रेस. दिवा हिरवा झाला. सगळ्या गाड्या सुटल्या. आमची लाल गाडी जागेवरच!

शेड गेली! माझ्या शेजारी उभ्या सेठजींनी कपाळाला हात लावला. मेघा मान वळवून मागं पाहत होती. नंदूभाऊ कठड्याशी टाळ्या वाजवत उभे, झंडी काखेत!

"नंदूभाऊ, झंडी!" मी ओरडलो.

त्यांनी झंडी उंच धरली आणि स्पेशल सुटली. एकेक गाडी मागं टाकत गेली. शेवटच्या वळणावर पुढं एकच उरली होती, तीही टाकली. पहिला नंबर! मी तर चक्क रडलो.

सेठजींनी नंदूभाऊंना मिठी मारली. "शेड तुम्हारा! लेकिन गाडी रुकी क्यों थी? सिग्नल तो हरा था!"

नंदूभाऊंनी झंडीची घडी घातली.

"सिग्नल कितीबी हिरवा असो जी. गाडी तं गार्डच सोडते!"