गियर माझ्याकडे

आमच्या जुन्या पद्मिनीचा गियर स्टिअरिंगच्या दांडीला आहे, डाव्या बाजूला. आजकालच्या पोरांना तो वायपरचा खटका वाटतो. तो तिथे नसता तर माझा नवरा दोन वर्षांपूर्वीच घरात बसला असता.

देवळीच्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि यांच्या डाव्या खांद्यातल्या नसा तुटल्या. हात दिसायला जसाच्या तसा, पण मेलेला. नागपूरचे डॉक्टर वाट पाहा म्हणाले, आम्ही पाहिली. मग पाहणंही आपोआप बंद झालं, कोणी कोणाला तसं सांगितलं नाही.

हे देवळीला एका कचेरीत कारकून, मी तिथेच शाळेत मास्तरीण. वर्ध्याहून जायला बस आहे, पण बसमध्ये लोक उठून यांना जागा देत आणि ते यांना विंचू चावल्यासारखं लागे. एका सकाळी हे अंगणातल्या गाडीत जाऊन बसले आणि म्हणाले, "क्लच मी दाबतो. गियर तू टाकजो."

वेडेपणाच होता. पण पद्मिनीचं पुढचं सीट बाकासारखं सलग, बाजूला बसलेल्याचा हात गियरपर्यंत जातो. मेकॅनिकने गियरच्या दांड्याला वीतभर लोखंड जोडून तो माझ्याकडे वाकवून दिला. स्टिअरिंगला ट्रॅक्टरचा लट्टू बसवला, म्हणजे एका हाताने वळवता यावं. रविवारी मी बोनेटमध्ये डोकं घालायची आणि हे बाजूला उभे राहून बोटाने दाखवायचे: हा प्लग काढ, हा घास, इथे पाणी टाक. ब्लाउजला ऑइलचे डाग पडले ते पडलेच.

अशी आमची रोजची गाडी देवळीला जायची आणि यायची. हे क्लच दाबून आकडा सांगायचे, मी दांडा ओढायची. दिवसभरात यांच्या तोंडून एवढंच निघे: एक, दोन, तीन, चार. घरी पोचलं की तेही नाही. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "सात फेरे झाले, आता चार गियर!" सगळ्या हसल्या, मीही हसले, हसायचं असतं म्हणून.

मला वाईट वाटायचं का? खरं सांगते, काहीच वाटायचं नाही. खड्डा आला की यांचा डावा हात मांडीवरून घसरायचा. मी तो उचलून परत ठेवायची, भाजीची पिशवी सरळ करून ठेवावी तसा. यांना कळायचं नाही आणि मलाही. यांचा एक हात बधिर होता, मी सगळीच.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी आम्ही गिरडला टेकडीवरच्या दर्ग्यावर गेलो. नवसबिवस काही नव्हता, घरात बसून तरी काय करायचं. येताना जाम गावच्या चौकात वळण घेता घेता यांचा उजवा खांदा अडकला. दोन वर्षं जड स्टिअरिंग एकट्याने ओढून ओढून तोही थकला असणार. गाडी रस्त्यात आडवी आणि समोर ट्रक. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मरना है क्या चाचा?"

कशीबशी गाडी चहाच्या टपरीजवळ घेतली. यांनी किल्ली काढून माझ्या मांडीवर टाकली.

"झालं. विकून टाक हे."

"बरं," मी म्हटलं.

"बसनं जाऊ. गाडी राहू दे इथंच."

मी चहा घेतला. यांचा तसाच राहिला. मग लक्षात आलं, गाडी गेली की ते चार आकडेही गेले. उद्यापासून आमच्यात एकही शब्द उरणार नाही, आणि मी नुसतं बरं म्हणून बसले आहे. तेव्हा मला राग आला. यांचा आला, माझा आला, त्या थंड होणाऱ्या चहाचासुद्धा आला. किती दिवसांनी काहीतरी येत होतं.

"उतरा," मी म्हटलं. "इकडून बसा."

"तू चालवशीन?"

"लायसन हाये माह्यापाशी."

होतंच. शाळेतल्या बायकांसोबत एका उन्हाळ्यात क्लास लावला होता. पण क्लच जाळशील म्हणून यांनी मला कधी किल्ली दिली नव्हती. आता दिली होती.

हे उतरले, पलीकडून येऊन डावीकडे बसले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. मी गाडी सुरू केली, क्लच दाबला आणि डावा हात मांडीवर ठेवला.

"एक," मी म्हटलं.

हे वळले. "तुह्या हाताले काय झालं?"

"काही नाई. एक."

माझ्याकडे वाकवलेला दांडा आता यांच्याकडे होता. यांचा उजवा हात त्याच्या शेजारीच. खांदा दुखत होता, पण दांडा ओढायला खांदा लागत नाही, मनगट पुरतं. हे दांड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग पहिला टाकला.

गाडीने असा हिसका दिला की दोघांची डोकी पुढे गेली.

"हळू सोड वं क्लच! काय करून राह्यली?"

चालत्या गाडीत आकड्यांशिवायचं वाक्य ऐकून किती महिने झाले होते, मी मोजले नव्हते.

"दोन," मी म्हटलं. दुसरा पडला. "तीन." तोही पडला. पुढे रस्ता मोकळा होता, गाडी आवाज करायला लागली. मी क्लच दाबला आणि चौथा मागायच्या आधीच यांनी टाकला. माझा धडधाकट डावा हात वर्ध्यापर्यंत मांडीवरच होता.